शिवकुमारच्या जागी

शनिवार, ११ जानेवारी २०२५. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

मंडळाच्या कार्यालयात बसून सभासदांच्या ओळखपत्रांवर नावे लिहीत होतो. चौतीस झाली होती, सहा राहिली होती. तेवढ्यात यल्लाप्पाकाका आले आणि ही वही माझ्यासमोर आपटली.

"काय लेखनिक! कवाधरनं कागदाच्या चिटोऱ्यांवर लिवतोयस. घे. आता हिच्यात लिव."

वही १९२ पानी आहे. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात काकांनी स्वतः निळ्या पेनाने आकडे घातले आहेत. ठाण्याच्या डायरीला पानांचे नंबर असतात, एक पान फाडले तरी कळते, असे म्हणाले. "आदी वार, तारीख, येळ. मग तू काय करत हुतास. मग काय घडलं. ज्येची नोंद न्हाय ते घडलंच न्हाय, ध्येनात ठेव."

किंमत साठ रुपये. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "पगार झाल्यावर दे की. पळून चाललास व्हय?"

म्हणून ही पहिली नोंद त्यांच्या नियमाने. कोण लिहीत आहे तेही असावे. नाव बसवेश, वय चोवीस. वडील लिंगैक्य झाले त्या वर्षी नववीत शाळा सुटली. शुद्धलेखन मात्र चांगले आहे. हवालदार यल्लाप्पा कुरणे, म्हणजे काका, या मंडळाचे चिटणीस. त्यांनीच मला इथे लावले. राजारामपुरीत क्लासच्या वर ही एक खोली, दारावर पाटी 'रक्षक बंधू मंडळ'. सेवेतले आणि निवृत्त पोलीस एकमेकांच्या अडीअडचणीला उभे राहतात, त्यांचे अर्ज आणि पत्रे मी लिहितो. 'पोलीस' मधली ली दीर्घ. मंडळाच्या छापील पत्रांवर ऱ्हस्व होती, ती मी बदलून घेतली.

उद्या निपाणीचे पाहुणे आमचे घर बघायला येणार आहेत. मुलीचे नाव शिवांजली. घरात थोरला माणूस हवा आणि माझ्या थोरल्या भावाची, शिवकुमारअण्णाची, उद्या हायवेच्या नाक्यावर ड्युटी आहे, पहाटे चार ते दुपारी बारा. तो काकांच्याच ठाण्यात शिपाई आहे. रजा मिळाली नाही. काकांची उद्या साप्ताहिक सुट्टी.

"शिवकुमारच्या जागी मी हुभा ऱ्हातो," काका म्हणाले. "हजेरी मास्तरला तोंडी सांगितलंय. मीना म्हंती, सुट्टीदिवशी बी तुमचा पाय घरात ठरंना. म्हणलं, माजा पाय न्हाय ठरला तर न्हाय, बसूचं लगीन तर ठरू दे."

हजेरी मास्तर म्हणजे कुणाला कुठल्या ड्युटीवर पाठवायचे ते ठरवणारा हवालदार. त्यांचे नाव जोतीराम.

४ वाजून ३५ मिनिटांनी काका गेले. जिन्यावरून ओरडले, "पावण्यांफुडं गप बस. कुणाचं शुद्धलेखन काढू नगंस!"

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळी ६.

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी अण्णाला फोन आला. धुक्यात रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. काका मागून येणाऱ्या गाड्यांना बॅटरी दाखवत होते. एका ट्रकने ट्रॉली चुकवली, काकांना चुकवले नाही. वेळ ६ वाजून २० मिनिटे. बरोबरचा होमगार्ड आज आलाच नव्हता.

अण्णाने घाईघाईत गणवेश चढवला आणि गेला. शर्टाचे एक बटण चुकीच्या काजात होते. मी सांगणार होतो, सांगितले नाही.

पाहुण्यांना थांबवू या का, असे मी अव्वाला, म्हणजे आईला, विचारले. ती म्हणाली, "अर्ध्या वाटंत असतील की रे. आन देव करील आन वाचतील."

साडेअकराला पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी विचारले, "थोरले कुठं दिसंनात?"

अव्वा म्हणाली, "ड्युटीवर गेलाय."

मी पोहे खाल्ले. १ वाजून ४० मिनिटांनी अण्णाचा फोन आला, काका गेले. तेव्हा माझ्या बशीत चोखलेली लिंबाची फोड पडली होती. पाहुण्यांना घर आवडले.

सोमवार, १३ जानेवारी. सकाळी १०.

काल रात्री अंत्यविधी झाला. मीनामावशी, म्हणजे काकांची पत्नी, रडत नव्हत्या. माणसांना बसायला जागा करून देत होत्या. मुलगी संघप्रिया कॉलेजात आहे, पोलीस भरतीसाठी रोज धावते. तिने काकांचे बूट पुसून दाराशी ठेवले होते.

आज अण्णाने मला एकट्याला सांगितले. काल तो दवाखान्यातून ठाण्यात गेला तेव्हा जोतीराम मास्तरांनी रजिस्टर पुढे केले.

"सही कर म्हणाला. पहाटे चारची. न्हायतर तू निलंबित, मीबी. यल्लाप्पा तर गेलाच, आता परत येतोय व्हय."

"मग?"

"केली."

एवढे बोलून अण्णा अंगणातल्या नळाखाली हात धूत बसला. पाणी वाया जात होते.

रविवार, १९ जानेवारी. दुपारी ३.

आज शोकसभा. फलकाचे काम माझ्याकडे होते. 'श्रद्धांजली' मधला द्ध तीनदा तपासला. छापणाऱ्याने 'कुरणे' चे 'कुरने' केले होते, तेही मी पकडले. फलक लावून बाजूला उभा होतो. मनात थोडे समाधान होते, ते लपवत नाही.

मीनामावशी आल्या आणि फलकासमोर थांबल्या. त्यांच्यामागे सगळे थांबले.

"बसू, ह्ये कै. म्हंजे काय रं?"

मी म्हणालो, "कैलासवासी."

"त्ये कैलासाला कशाला जातील? आमच्यात कालकथित लिवत्यात. काकाचा जीव हुता न्हवं तुज्यावर? येवढं कसं ठावं न्हाय तुला?"

आवाज चढवला नाही. काका बौद्ध होते हे मला माहीत नव्हते असे नाही. त्यांच्या घरी जेवलो आहे, भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्या आहेत. माझ्या वडिलांच्या पत्रिकेवर कुणी 'कै.' लिहिले असते तर अव्वाने ती परत केली असती. आम्ही लिंगायत, आमच्यात लिंगैक्य लिहितात. शब्द शुद्ध होता, माणूस चुकीचा होता. फलक मी स्वतः उतरवला. नवा माझ्या पैशाने करून संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी पोचवतो.

रविवार, २ फेब्रुवारी.

मीनामावशींच्या सहीसाठी अर्ज घेऊन गेलो. त्यांनी चहा केला. विचारले, "तुजा अण्णा जेवतोय का नीट?" मग, "काकानं दिलेली वही लिवतोस न्हवं अजून?"

मी हो म्हणालो. दुःखातही दुसऱ्याची चौकशी करतात. मोठ्या मनाच्या आहेत.

शुक्रवार, २८ मार्च. दुपारी १२ वाजून ३० मिनिटे.

चौकशीचा अहवाल मंडळात आला. मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह साहेब, निवृत्त फौजदार, यांनी मला मोठ्याने वाचायला सांगितले. 'सदर कर्मचारी साप्ताहिक सुट्टीवर असताना खाजगी कारणाने महामार्गालगत थांबले असता.' नाक्यावर हजर म्हणून अण्णाचे नाव आहे.

"अंगावर गणवेश होता त्याच्या," साहेब म्हणाले.

कुणीतरी म्हणाले, "वर जर्किन व्हतं सायेब. आन गणवेश म्हंजे ड्युटी न्हवं."

साहेबांनी मला 'खाजगी कारणाने' हे शब्द पुन्हा वाचायला लावले. वाचले. 'खाजगी' हे बरोबर की 'खासगी', याचा विचार मी त्या क्षणी करत होतो. त्याची लाज वाटते.

अहवाल असाच राहिला तर ड्युटीवर गेलेल्याच्या घराला मिळणारी मदत मिळणार नाही. एकवीस ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावे वाचतात, त्यात काकांचे नाव येणार नाही. आणि या वहीच्या पहिल्या पानावर सगळे लिहिलेले आहे. वेळेसकट.

पण अण्णाची नोकरी जाईल. घरात पगार म्हणावा असा त्याचाच. अव्वाची औषधे त्यावर. निपाणीचे पाहुणे अजून तारीख धरून बसले आहेत. अहवालाची नक्कल स्वच्छ अक्षरात काढून फाइलला लावली.

मंगळवार, ६ मे. सकाळी ७.

पान एक फाडावे असे आज वाटले. वही उघडून ते पान चिमटीत धरलेही. मग कोपऱ्यातला काकांच्या हातचा १ दिसला. पान गेले तर वही ३ पासून सुरू होईल आणि कुणालाही कळेल. फाडले नाही. वही तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

बुधवार, १८ जून. रात्री ८.

अण्णा ड्युटी संपली की मीनामावशींकडे जातो. त्यांची पाण्याची मोटर दुरुस्त केली. संघप्रियाला सकाळी मैदानावर सोडतो. मंडळाचा सभासद म्हणून चांगले करतो आहे. घरी मात्र बोलत नाही.

आज अचानक विचारले, "यल्लाप्पानं दिलेली वही कुठं हाय तुजी?"

त्याला ती नाहीशी करायची असणार. मी म्हणालो, "जाळली."

"जाळली?"

"होय. तुझ्यासाठीच."

त्याला सुटल्यासारखे वाटले असावे. पण ताट तसेच ठेवून उठला. वांग्याची भाजी होती, त्याला आवडते.

शनिवार, २० सप्टेंबर. दुपारी ४ वाजून ४५ मिनिटे.

मंडळाच्या इमारतीच्या अंगणात दगड बसवायचा आहे. ड्युटीवर गेलेल्या आठ सभासदांची नावे, वर मोठ्या अक्षरात 'कर्तव्यावर असताना'. काकांसाठी विजयसिंह साहेबांनी वेगळी ओळ सुचवली होती, सर्वांत खाली, 'अपघाती निधन' असे लिहून. घरच्यांची संमती घ्यायला मीनामावशी आणि संघप्रियाला बोलावले होते.

संघप्रिया म्हणाली, "बाबांचं नाव वर घ्या, नाहीतर घेऊ नका. खाली नको."

साहेब म्हणाले, "पोरी, माझा जीव तुटतोय. पण दगडावर पुराव्याशिवाय कोरता येत नाही. उद्या कुणी म्हणेल, मंडळानं आपल्या माणसासाठी खोटं कोरलं. त्यात यल्लाप्पाचीच अब्रू जाईल."

मीनामावशी माझ्याकडे वळल्या. "पयला शबुद तू बदललास, बसू. चुकला हुतास, पर बदललास. ह्यो शबुद कोण बदलायचा?"

मी म्हणालो, "साहेब बघतील."

"सायेबास्नी ठावं न्हाय तर काय बघतील?"

त्या असे का म्हणाल्या ते समजले नाही. घरी येऊन हे लिहितो आहे.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी ८ वाजून १५ मिनिटे.

काल दसरा झाला. आज अण्णा न्हाणीतून आला, केस ओलेच, आणि उभ्या उभ्याच सांगितले. मंगळवारी त्याने ठाण्याच्या साहेबांना लेखी दिले आहे: नाक्यावर मी नव्हतो, माझ्या जागी यल्लाप्पा होता, सही मागून केली.

अव्वाही तिथेच होती.

"मग काय म्हणाले?" मी विचारले.

"हसले. म्हणाले, तुमच्या मंडळाचा बंधुभाव आमाला ठाऊक हाय. बाईला मदत मिळावी म्हणून नोकरीवर उदार झालास व्हय? जोतीराम मास्तर न्हाय म्हणतोय. लेखी काय हाय तुज्याकडं? म्हणलं, हुतं. धाकट्यानं जाळलं."

"अण्णा, म्हणजे जूनमध्ये तू..."

"मला ती साहेबाकडं न्यायची हुती रं गाढवा."

मी तांदळाच्या डब्यामागून वही काढली. हात पिठाने माखले कारण डब्यामागे पीठ सांडलेले होते. अण्णाने वही घेतली, पण वाचली नाही. पानाच्या कोपऱ्यातला १ बघत बसला. मग २ बघितला, मग ३. तो सगळे आकडे बघणार असे वाटले.

अव्वा म्हणाली, "त्या दिवशी पावण्यांस्नी मी म्हणले, ड्युटीवर गेलाय. मीबी खोटंच बोलले की मग." थोड्या वेळाने म्हणाली, "द्या जावा. मला गोळ्या काय, हाफ करून खाईन."

मी निपाणीला फोन लावला. मुलीच्या वडिलांना सांगणार होतो, फोन शिवांजलीनेच उचलला. तिला सगळे सांगितले, अण्णा निलंबित होईल हेही. मग तिने विचारले, "त्या काकांचं नाव काय म्हणालात?"

मी सांगितले.

"ल्ला आन प्पा, दोन्ही जोडाक्षरं न्हवं?"

"होय."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. याचा अर्थ होकार की नकार, ते मला ठरवता आलेले नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी ११.

वही ठाण्याच्या साहेबांना देण्याआधी मीनामावशींना दाखवावी असे वाटले. नऊ वाजता गेलो. परवाच्या विहारातल्या कार्यक्रमाची पांढरी साडी दोरीवर वाळत होती. मी वही पुढे केली आणि बोलायला लागलो. माफीची वाक्ये पाठ करून गेलो होतो.

त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. त्येंचं बोलणं लिवलंयस न्हवं? तेवढं वाच."

मी वाचायला लागलो. 'काय लेखनिक' ला त्यांनी डोळे मिटले. 'पळून चाललास व्हय' ला संघप्रिया हसली आणि मग आत गेली. मी वाचत होतो, 'मीना म्हंती, सुट्टीदिवशी बी तुमचा पाय घरात ठरंना,' तेवढ्यात मीनामावशीच म्हणाल्या, "माजा पाय न्हाय ठरला तर न्हाय, बसूचं लगीन तर ठरू दे."

जसेच्या तसे. मी अजून ती ओळ वाचलीही नव्हती. त्यांना ती कशी ठाऊक, हे विचारायचे राहून गेले.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

पुन्हा वाचले. मग संघप्रियाला बाहेर बोलावून तिसऱ्यांदा वाचायला लावले. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटला, तर म्हणाल्या, "नीट वाच. ते असं रडत बोलत न्हवते."

निघताना मी साठ रुपये काढून त्यांच्यापुढे धरले, वहीचे राहिलेले. त्यांनी घेतले नाहीत. "त्यो तुमा दोघांचा हिशोब. मी मदी न्हाय यायची." मग दारापर्यंत आल्या. "अण्णाला सांग, रोज येत जा. मोटर बिघडली न्हाय तरी ये म्हणावं."

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५. सकाळी ९ वाजून २० मिनिटे.

मंडळाच्या कार्यालयात बसून ही शेवटची नोंद लिहीत आहे. अकरा वाजता विजयसिंह साहेब, अण्णा आणि मी वही घेऊन ठाण्यात जाणार. स्मृतिदिनाची नावे उद्यापर्यंत पाठवायची आहेत. विजयसिंह साहेबांनी काल वही पूर्ण वाचली. चष्मा पुसत म्हणाले, "आतली तुझी बाकीची पानं? लिंबाची फोड, पान फाडायला निघालास ते? तेही लोक वाचतील, बसू."

मी म्हणालो, "पान काढले तर कळेल साहेब."

"कळेल," ते म्हणाले. "त्यानं नंबर घालून ठेवलेत."

मग त्यांनी दगडवाल्याला फोन केला. नावांच्या यादीत, वरच, एका ओळीची जागा सोडायला सांगितली. निकाल लागेपर्यंत ती कोरी राहील. मजकूर मी लिहून दिला आहे, कागदावर दोनदा तपासून: कालकथित हवालदार यल्लाप्पा कुरणे. तेवढ्या अक्षरांचे पैसे मी देणार असे सांगितले. दगडवाल्याने सोळा मोजली, मी पुन्हा मोजली, सोळाच आहेत.

वहीत खाडाखोड नाही. पाने एकूण १९२, लिहिलेली ४१, फाडलेले एकही नाही. १९ जानेवारीच्या नोंदीत 'कै.' आहे ते तसेच ठेवले आहे, कारण ते घडले होते.

वही परत मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून हिशोब इथेच लिहून बंद करतो.

खर्च: नवा फलक ४५० रुपये. दगडवाल्याला आगाऊ ३०० रुपये. एकूण ७५०.

देणे: दगडवाल्याला, सोळा अक्षरे प्रत्येकी ४० प्रमाणे ६४० पैकी राहिलेले, ३४० रुपये.

यल्लाप्पाकाकांना, वहीचे, ६० रुपये.